रोग्याचे गुपित : वैद्याच्या शपथेपासून संगणकापर्यंत

रोग्याच्या गुपिताचा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानमालेत मांडावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. हा विषय डॉक्टरांचा किंवा वकिलांचा, असा सर्वसाधारण समज आहे. आम्ही दोन्ही नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडे व युनियनच्या कचेरीतील कपाटापाशी अधिक झाले. परंतु माणसाच्या दुखण्याची बातमी नको त्याच्या कानी गेली म्हणजे काय होते, हे गेटवर उभे राहणाऱ्याला जितके दिसते तितके दवाखान्यात बसणाऱ्याला दिसत नाही. दवाखान्यात रोगी येतो. गेटवर परत पाठवलेला माणूस येतो. म्हणून ह्या गुपिताचा इतिहास आम्हांस जसा उमगला तसा आम्ही येथे मांडणार आहोत.

वैद्याने रोग्याचे गुपित राखावे ही कल्पना फार जुनी आहे. ग्रीस देशात हिपोक्रेटीसच्या नावाने चालत आलेल्या शपथेत वैद्य असे वचन देतो, की उपचाराच्या वेळी किंवा एरवीही लोकांच्या आयुष्यातले जे बाहेर बोलू नये असे कानावर वा नजरेस येईल ते आपण बाहेर बोलणार नाही. आपल्याकडे चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला विद्या देण्यापूर्वी गुरू जे नियम सांगतो, त्यांतही हा नियम आहे. रोग्याच्या घरात शिरलेल्या वैद्याने आपले मन रोग्याच्या हितावाचून दुसरीकडे जाऊ देऊ नये आणि त्या घरातले आचारविचार बाहेर नेऊ नयेत, असे तेथे बजावले आहे. दोन देशांतल्या, दोन भाषांतल्या वैद्यांना एकच गोष्ट सांगावी लागली, याचा अर्थ उघड आहे. वैद्य हा परका मनुष्य असूनही त्याला माजघरापर्यंत घ्यावे लागते. त्याच्या जिभेवर लगाम नसेल तर लोक त्याला दाराशीच थांबवतील, आणि मग त्याचे औषधही दाराशीच थांबेल.

शपथ मोडली तर काय, हा पुढचा प्रश्न. पुष्कळ काळ त्याचे उत्तर वैद्याच्या अब्रूवर सोडलेले होते. इंग्लंडात १७७६ साली किंग्स्टनच्या डचेसवर उमरावांच्या सभेपुढे खटला चालला. त्यात सीझर हॉकिन्स ह्या शल्यवैद्याला साक्षीस बोलावले, तेव्हा त्याने व्यवसायात विश्वासाने कळलेली गोष्ट सांगणे आपणांस भाग आहे काय, अशी शंका काढली. लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी निवाडा दिला, की वैद्याने आपण होऊन असे गुपित फोडणे ही बेइमानी ठरेल; परंतु न्यायालयाने विचारले असता त्याला सांगावेच लागेल. फ्रान्सने निराळी वाट धरली. तेथील १८१० च्या दंडसंहितेच्या ३७८ व्या कलमाने गुपित फोडणाऱ्या वैद्य, शल्यवैद्य, औषधविक्रेते व सुइणी यांना कैदेची व दंडाची शिक्षा सांगितली. आपल्या देशात इंग्रजी वळण चालू झाले. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने पक्षकार व वकील यांच्यातील बोलण्याला संरक्षण दिले. रोगी व डॉक्टर यांच्यातील बोलण्याला तसे दिले नाही. इस्टेटीचे गुपित कायद्याने सांभाळले आणि शरीराचे गुपित डॉक्टरच्या सदसद्विवेकबुद्धीवर ठेवले. ज्याच्याजवळ इस्टेट नव्हती आणि शरीर तेवढे होते, त्या वर्गाला ह्या व्यवस्थेतून काय मिळाले असेल?

ते पाहावयाचे तर १८९६ सालच्या मुंबईत गेले पाहिजे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात म्युनिसिपालिटीने रोग्यांना सक्तीने वेगळे करण्याचा हुकूम काढला. ज्या घरात रोगी सापडेल त्या घराची बातमी म्हणजे त्या घरावर धाड, असा प्रकार झाला. आर्थर रोडच्या रुग्णालयात नेलेला मनुष्य परत येत नाही, अशी वदंता चाळीचाळींतून पसरली, आणि २९ ऑक्टोबर रोजी हजारभर गिरणीकामगारांनी त्या रुग्णालयावर हल्ला केला. आम्ही त्या दंगलीचे समर्थन करीत नाही. रुग्णालयावर दगड मारणे म्हणजे आपल्याच औषधाची बाटली फोडणे होय. पण त्या दिवशी गिरण्या सोडून आलेल्या लोकांना अज्ञानी म्हणून मोकळे होणेही बरोबर नाही. त्यांना एक गोष्ट नीट कळली होती. आपल्या काखेत गाठ आहे ही बातमी आता आपली राहिलेली नाही. ती सरकारची झाली आहे, आणि तिच्या जोरावर आपणांस खोलीतून उचलून नेता येते.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला व सरकारच्या हाती अमर्याद अधिकार आले. पुण्यात रँडसाहेबाच्या अमलाखाली गोऱ्या सोजिरांनी घरे झडतीला घेतली. देवघर, माजघर, बाळंतिणीची खोली यांत फरक राहिला नाही. पुढे २२ जून रोजी चापेकर बंधूंनी काय केले ते महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. आम्हांस येथे निराळ्या गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. झडत्या वाढल्या तसतसे लोक रोगी लपवू लागले. लपवलेल्या रोग्याजवळ डॉक्टर पोहोचत नाही, साथ मात्र पोहोचते. त्याच साथीत लोकांची सेवा करीत असता नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारीला आणि सावित्रीबाई फुले १० मार्चला गेल्या. ह्या दोघांनी रोग्याजवळ जाण्याची जी वाट धरली ती विश्वासाची होती. सरकारने धरली ती बंदुकीची. ज्या रोग्याला आपली बातमी आपल्यावर उलटेल अशी भीती वाटते तो रोगी साथीला लपण्याची जागा करून देतो, हा धडा त्या वर्षाने फार महाग दराने शिकवला.

इंग्लंडने हा धडा पहिल्या महायुद्धाच्या काळात घेतला. गुप्तरोगांचा प्रश्न तेथे बिकट झाला होता. त्यापूर्वी १८६४ पासून काही लष्करी गावांत संशयित स्त्रियांची सक्तीने तपासणी करणारे कायदे चालू होते. ते लोकांच्या विरोधामुळे १८८६ साली रद्द झाले. १९१६ साली रॉयल कमिशनच्या अहवालानंतर सरकारने दुसरा मार्ग घेतला : उपचार फुकट, आणि रोग्याचे नाव गुप्त. लोक आपण होऊन येऊ लागले. तेव्हा गुप्तता ही एका माणसाच्या लाजेसाठी केलेली सवलत आहे असे समजू नये. ती सार्वजनिक आरोग्याच्या कामातली एक हत्यारपेटी आहे; ती नसेल तर डॉक्टरला पुढचे काम करताच येत नाही.

आता कारखान्याकडे वळू. कामगाराचे दुखणे मालकाला कळणे म्हणजे काय, हे हजेरीपटावर लिहिलेले असते. बदली कामगाराला खोकला आहे असे मुकादमाला कळले, की उद्याची पाळी दुसऱ्याला जाते. म्हणून दुखणे लपवून राबण्याची रीत पडली. १९४८ सालच्या राज्य विमा कायद्याने यात मोठा फरक केला. १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. आजाराच्या दिवसांचा पैसा महामंडळाकडून मिळू लागला, उपचार करणारा डॉक्टर मालकाचा नोकर राहिला नाही, आणि आजारभत्ता मिळत असता कामावरून काढण्यास त्या कायद्याच्या ७३ व्या कलमाने मनाई केली. आम्ही ह्या कायद्याकडे केवळ पैशाच्या दृष्टीने पाहत नाही. दुखणे सांगूनही नोकरी राहू शकते, हे त्याने प्रथम कामगाराला दाखवले.

परंतु गुपिताची एक दुसरी बाजू आहे, व ती सांगितल्यावाचून हा इतिहास अर्धाच राहील. कामगाराचे दुखणे मालकाला फार लवकर कळते. आणि मालकाने दिलेले दुखणे कामगाराला फार उशिरा कळते. ॲस्बेस्टॉसची धूळ छातीत बसली म्हणजे रोग वीस-तीस वर्षांनीही वर येतो. तोपर्यंत नोकरी संपलेली, गिरणी वा कारखाना बंद, आणि तपासणीचे कागद कुठे आहेत ते कोणालाच माहीत नाही. १९८४ च्या भोपाळच्या संहारानंतर, १९८७ साली फॅक्टरी कायद्यात भर घालण्यात आली. घातक द्रव्यांशी काम करणाऱ्यांच्या आरोग्याची अचूक नोंद कारखान्याने ठेवावी व ती कामगाराला पाहता यावी, असे त्यात सांगितले. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या दाव्यात निकाल दिला, की ही नोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे, किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी मुदत पुढची असेल तोपर्यंत राखली पाहिजे. आता कायद्यांची नावे व कलमांचे आकडे बदलले आहेत, पण हा हक्क विसरून चालणार नाही. रोग्याचे गुपित म्हणजे रोग्यापासून राखलेले गुपित नव्हे. कागद कामगाराचा आहे. तो त्याला दिसला पाहिजे आणि इतरांना त्याच्या संमतीवाचून दिसता कामा नये. ही दोन्ही वाक्ये एकत्रच बोलली पाहिजेत. मालकवर्ग पुष्कळदा त्यांतले पहिले वाक्य गाळतो, आणि आता दुसरेही गाळू लागला आहे.

१९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने एक निकाल दिला, तो प्रत्येक युनियनच्या कचेरीत लावून ठेवावा असा आहे. सार्वजनिक क्षेत्रातील एका कंपनीत एक मनुष्य रोजंदारीवर काम करीत होता. कायम करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी झाली. रक्तात एचआयव्ही आढळला. मनुष्य अंगाने धडधाकट असूनही त्याचे काम गेले. त्याने दाद मागितली, पण स्वतःच्या नावाने मागितली असती तर न्याय मिळण्यापूर्वीच वस्तीतून उठावे लागले असते. न्यायालयाने त्याचे नाव झाकून खटला चालवू दिला. म्हणून तो खटला केवळ ‘एम एक्स’ विरुद्ध ‘झेड वाय’ अशा अक्षरांनी ओळखला जातो. निकाल असा, की जो मनुष्य काम करण्यास समर्थ आहे व ज्याच्यापासून इतरांना धोका नाही, त्याला केवळ ह्या कारणासाठी काम नाकारता येणार नाही. यातली खूण ध्यानात घ्यावी. नाव झाकता आले म्हणून हक्क मागता आला. पुढे एचआयव्हीसंबंधीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्याने रोग्याच्या संमतीवाचून त्याची स्थिती उघड करण्यास मनाई केली व अशा नोंदी ठेवणाऱ्यांवर त्या सुरक्षित राखण्याची जबाबदारी टाकली.

येथवर गुपित कागदावर व डॉक्टरच्या मनात होते. संगणकाने त्याचे रूपच पालटले. कागदाची फाईल चोरावयाची तर कपाटापाशी जावे लागते, आणि एका वेळी पिशवीत मावतील तेवढ्याच फायली नेता येतात. संगणकातील नोंदी एका रात्रीत लाखोंनी नेता येतात, आणि मूळ नोंद जागच्या जागी राहत असल्याने चोरी झाल्याचे महिनोन्‌महिने कळतही नाही. शिवाय पासबुकाचा क्रमांक चोरीस गेला तर बँक दुसरा देते. दम्याचा, गर्भपाताचा, मनाच्या आजाराचा इतिहास चोरीस गेला तर दुसरा इतिहास कोण देणार?

नाव काढून टाकले म्हणजे माहिती निनावी झाली, हाही एक गोड भ्रम आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विमा विभागाने सरकारी नोकरांच्या आजारांची माहिती, नावे गाळून, संशोधनासाठी खुली केली. लाटान्या स्वीनी ह्या तेव्हा विद्यार्थिनी होत्या. त्यांनी केंब्रिज गावची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली, आणि जन्मतारीख, लिंग व टपालाचा विभाग एवढ्यावरून दोन्ही याद्या जुळवून १९९७ साली खुद्द राज्यपाल विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. राज्यपालांचे हे, मग शिपायाचे काय! आपल्याकडे पत्ता, जन्मसाल, खाते व बिल्ला नंबर एवढे कळले की माणूस सापडतो. नाव कशाला हवे?

फिनलंडमध्ये जे झाले ते ऐकून काळजाचा थरकाप होतो. वास्तामो नावाची मानसोपचार केंद्रांची एक कंपनी होती. तिच्या सुमारे ३३ हजार रुग्णांच्या नोंदी चोरीस गेल्या. सप्टेंबर २०२० मध्ये चोराने कंपनीकडे खंडणी मागितली. ती मिळेना तेव्हा एकेका रुग्णाला पत्रे धाडली, की २०० युरो दे, नाहीतर तू उपचारकाच्या खोलीत जे बोललास ते जगापुढे मांडतो. नोंदींच्या रक्षणाची व्यवस्था कमालीची ढिली होती, असे चौकशीत दिसून आले. एप्रिल २०२४ मध्ये गुन्हेगाराला सहा वर्षे तीन महिन्यांची शिक्षा झाली. पण फुटलेली गोष्ट कोणत्या शिक्षेने परत येणार? आपल्या घरीही असा प्रसंग आला. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या पाच संगणक-सर्व्हरांवर हल्ला होऊन सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. नोंदणी, दाखला, तपासणी ही सारी कामे पुष्कळ दिवस हाताने, कागदावर करावी लागली. राखीव प्रत शाबूत होती म्हणून नोंदी परत मिळाल्या. तेव्हा सुरक्षा म्हणजे केवळ लपवणे नव्हे. गरजेच्या वेळी नोंद जाग्यावर सापडणे हीसुद्धा सुरक्षाच.

कायदा कोठवर आला आहे? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे एकमताने सांगितले. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यात प्रत्येकाला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक घेता येतो. तो ऐच्छिक आहे. नोंदी ज्या त्या दवाखान्यात राहाव्यात व रुग्णाच्या संमतीने दुसऱ्याला दिसाव्यात, अशी त्याची रचना आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. माहितीचे रक्षण करण्यात कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि दोन ठिकाणी आमचे समाधान होत नाही. २०११ च्या नियमांनी प्रकृतीच्या माहितीला ‘संवेदनशील’ म्हणून वेगळे काढले होते. २०२३ च्या कायद्याने असा निराळा वर्ग ठेवलेला नाही. आणि त्याच कायद्याच्या ७ व्या कलमात, नोकरीच्या प्रयोजनासाठी किंवा मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी नोकराची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरण्याची वाट मोकळी आहे. ‘नोकरीचे प्रयोजन’ हे शब्द गोणपाटासारखे आहेत. त्यांत काय भरावे ते भरणाऱ्याच्या हाती.

ही भीती पोकळ नाही. आमच्या पाहण्यातील एका कारखान्यात वार्षिक तपासणी झाली. अहवाल कामगारांच्या हाती पडण्यापूर्वी खातेप्रमुखांच्या मोबाईलवर फिरले. एका हंगामी कामगाराला मधुमेह निघाला. कायम करावयाच्या यादीतून त्याचे नाव गळले. कारण लेखी दिलेच नाही, त्यामुळे भांडावे तरी कशाशी? पण परिणाम पाहा : पुढल्या वर्षी तपासणीच्या दिवशी त्या खात्यातल्या बऱ्याच जणांनी खाडा केला. १८९६ साली चाळीत जे घडले तेच नव्या इमारतीत घडले. बातमी अंगावर उलटते हे दिसताच माणसाने रोग लपवला. नव्या कामगार संहितेत मालकाने ठरावीक कामगारांची मोफत वार्षिक तपासणी करावी अशी तरतूद आहे. तपासणी हवीच, आमची चळवळ त्यासाठी झगडत आली आहे. पण तिचा अहवाल प्रथम कोणाच्या हाती पडणार, हे ठरवल्यावाचून ती तपासणी कामगारांची होणार नाही.

म्हणून करारात चार गोष्टी लिहून घ्याव्यात असे आमचे सांगणे आहे. मालकाला ‘कामास योग्य’, ‘अयोग्य’ किंवा ‘अमुक कामास योग्य’ एवढेच कळावे. रोगाचे नाव कळू नये. पूर्ण अहवाल कामगाराला मिळावा. तो किती काळ व कोणाच्या ताब्यात राहील ते लिहिलेले असावे. आणि नोंद कोणी केव्हा उघडून पाहिली याची नोंद राहावी. हजेरीपट कोणी खोडला हे आपण विचारतो, तसेच हे.

घरीही काही पथ्ये पाळता येतील. रक्ताचा अहवाल नातेवाइकांच्या किंवा सोसायटीच्या गटावर टाकू नये. डॉक्टरला पाठवावा व काम झाल्यावर पुसून टाकावा. फोनवर आलेला ओटीपी दवाखान्याच्या नावाने बोलणाऱ्या अनोळखी माणसाला सांगू नये. संमतीच्या चौकोनात खूण करण्यापूर्वी कोणाला, कशासाठी व किती दिवसांसाठी हे वाचावे. ‘आभा’च्या व्यवस्थेत दिलेली संमती परत घेता येते हे ध्यानात ठेवावे. झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर अहवाल उघडला तर फाईल तेथे ठेवून येऊ नये. आणि दुसऱ्याच्या दुखण्याची बातमी आपल्या फोनवर आली तर ती पुढे धाडू नये. शेवटची गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी पाळली जाणारी आहे.

परंतु केवळ वैयक्तिक सावधगिरीवर हा प्रश्न सोडू नये. ज्याला दवाखान्याच्या खिडकीशी ‘येथे अंगठा लावा, नाहीतर नंबर जाईल’ असे सांगितले जाते, त्याच्या संमतीला संमती म्हणता येत नाही. एकट्याने नकार दिला तर तो अडाणी ठरतो. शंभरांनी मिळून विचारले तर तो प्रश्न ठरतो. जुन्या वैद्याने एका घरापुरती शपथ घेतली होती. आज आपल्या शरीराची बातमी ज्यांच्या हाती आहे त्यांना आपण कधी पाहिलेलेही नाही, आणि त्यांतल्या कितीकांनी कसलीच शपथ घेतलेली नाही. ती शपथ त्यांच्याकडून कायद्याने, कराराने व जागरूक लोकमताने घ्यावी लागेल. आठ तासांचा दिवस मालकाने आपण होऊन दिला नव्हता. हेही कोणी आपण होऊन देणार नाही.